खालून तिसरं नाव

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पाळकसाहेबांना नाही, पोटच्या मुलीला नाही. प्रार्थनेतसुद्धा मी याच्या कडेकडेनं जाते — ‘प्रभू, तुला सगळं ठाऊकच आहे’ म्हणते आणि पुढच्या विषयाला लागते. त्याला ठाऊक असेल. पण ठाऊक असणं वेगळं आणि तोंडानं सांगणं वेगळं, हे मला कळत नाही काय? अख्खा जन्म मास्तरकी केली. खोडी कुणी काढली ते मला आधीच माहीत असायचं, तरी ज्यानं काढली त्याला उभं करून त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचे.

तुम्हाला का सांगतेय? तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणून असेल. आणि खरं सांगू — तुमच्यावरही माझा पुरता विश्वास नाही. तुम्ही ऐकाल, मान हलवाल, आणि मग कुणाला तरी सांगाल. सांगा.

आधी माझा स्वभाव सांगते. मी संशयी. लहानपणापासून. दूध आलं की बोटावर घेऊन बघते, रोज, तोच दूधवाला बारा वर्षं घालतोय तरी. विहिरीची मोटर दुरुस्तीला आली की खुर्ची टाकून कारागिराच्या समोर बसते. शेजारीण न मागता कोथिंबिरीची जुडी घेऊन आली, तर जुडी घ्यायच्या आधी मी तिच्या तोंडाकडं बघते — हिला काय हवंय? आमचे हे हसायचे. म्हणायचे, स्वर्गाच्या दारात पेत्र किल्ल्या घेऊन उभा असेल, तर तू आधी त्याचंच ओळखपत्र मागशील. मीही हसायचे. मला त्याचा थोडा अभिमानच होता, काय लपवायचं? मला कुणी फसवत नाही, असं वाटायचं.

आमचं गाव बारामती-इंदापूर रस्त्यापासून आत, कालव्याच्या अंगाला. गाव उसाचं, डाळिंबाचं. आमची ख्रिस्ती घरं थोडीच. चर्च जुनं, दगडी. त्याची किल्ली माझ्याकडं. चर्चच्या बाहेरच्या भिंतीत एक फरशी बसवलेली आहे — दोन महायुद्धांत मेलेल्या गावच्या शिपायांची. वर पहिल्या लढाईतली नावं, खाली दुसरीतली. त्या वेळच्या पादरीसाहेबानं मिशनच्या शाळेत शिकून गेलेल्या सगळ्यांचीच नावं घातली, ख्रिस्ती कोण आणि हिंदू कोण असं बघितलं नाही. अक्षरं इंग्रजी. पुढं भिंतीला चुना मारणाऱ्यांनी दरवेळी फरशीवरूनही कुंचा फिरवला आणि अक्षरं बुजली. आता ती वाचायची तर आधी पाठ असावी लागतात. मला पाठ आहेत.

दर नोव्हेंबरात एका रविवारी उपासनेनंतर आम्ही त्या भिंतीपाशी जमतो. मी नावं वाचते आणि ज्याचं नाव येईल त्याच्या घरचं कुणी पुढं होऊन फूल ठेवतं. खालून तिसरं नाव गणपत धोंडीबा. त्याच्यासाठी कुणी पुढं येत नसे. शांतवनभाऊ, आमच्या मंडळीतले सगळ्यांत वयस्कर, दरवर्षी म्हणायचे, “याचं मागं कुणी उरलं नसावं.” मी जरा थांबून पुढचं नाव घ्यायचे.

तर एका साली, भादव्यात, दुपारी मी चर्च झाडायला गेले. फरशीखाली दगडाचा कट्टा आहे, त्यावर केळीच्या पानावर जेवण वाढलेलं. भात, वडे, खीर, गवारीची भाजी, भोपळ्याची भाजी, वर काळे तीळ. माणूस कुणी नाही. कुणी ठेवलं? का ठेवलं? करणी असेल? की उद्या कुणी उठून म्हणेल, इथं आमचं देवस्थान होतं, ही बघा आमची पूजा चालते? आमच्यासारख्या थोड्या घरांना अशी भीती असते — ती खोटी नव्हती, एवढं म्हणते आणि सोडून देते. मी काठीनं ते पान उचललं, मागच्या उकिरड्यात टाकलं आणि कट्टा फिनेलनं धुतला. कुणाला सांगितलं नाही. मनाशी म्हटलं, चोर पुन्हा येतो.

पुढच्या सालापर्यंत मी गावातल्या निम्म्या लोकांकडं त्या नजरेनं बघितलं. हा चर्चवरून जाताना हळू का चालतो? ही मला बघून गप्प का झाली? पुन्हा पितृपक्ष आला, तशी मी रोज सकाळपासून चर्चच्या मागच्या खोलीत जाऊन बसायला लागले. तिथं आम्ही सतरंज्या ठेवतो. खिडकीतून कट्टा दिसतो. यांना सांगायचे, हिशेबाची वही बघायची आहे. बघा — खोटं तिथूनच सुरू झालं होतं, आणि ते किती सोपं गेलं.

सर्वपित्री अमावास्येला ती आली. एकटी. नऊवारी, पायात स्लीपर, हातात कापडी पिशवी, पंच्याहत्तरी उलटलेली. मोठ्या रस्त्याला एसटीतून उतरून ऊन तुडवत आली होती, तोंड लाल झालेलं. कट्ट्यावर टेकलीसुद्धा नाही. पान मांडलं, डबा उघडला, एकेक वाढलं, पाणी फिरवलं आणि चार पावलं मागं सरून कावळ्याची वाट बघत उभी राहिली. कावळा काही येईना. मग फरशीकडं बघून, घरातल्या माणसाशी बोलावं तशी बोलायला लागली. “घ्या की, आबा. यष्टी उशिरा आली. माझा काय इलाज हाय?”

मी खिडकीत होते. मला सगळं ऐकू आलं. ती बापाशी बोलत होती — हे कळायला काय लागतं? हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढं मी काय केलं ते सांगताना मला पळवाट काढायचा मोह होईल. संशय तिथंच फिटला होता.

तरी मी बाहेर गेले आणि वर्गातल्या आवाजात विचारलं, कोण तुम्ही, इथं काय चाललंय? ती घाबरली नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून तिला बरंच वाटलं. नाव कौसल्या, काटेवाडीला दिलेली. बाप इथला, गणपत धोंडीबा. ती पोटात असताना तो लढाईवर गेला आणि तिकडंच मेला. मढं नाही, राख नाही. पादरीसाहेबानं तिच्या आईला या फरशीवर बोटानं नाव दाखवलं होतं, तेवढंच. पण भावकीनं उठवलं की तो मेला नाही, पळून गेला, कुठंतरी दुसरा संसार थाटून बसलाय. आई पोरीला घेऊन माहेरी निघून गेली. सासरीही तेच कानावर आलं. नवरा जिता होता तोवर भांडण झालं की म्हणायचा, पळपुट्याची लेक. भाऊ नाही, तेव्हा बापाला पान वाढणारं कुणी नाही. घरी विचारलं तर म्हणतील, मेलाय कशावरून? म्हणून माहेरच्या माणसांना भेटून येते म्हणायची आणि इथं यायची. चार-पाच वर्षं येत होती. पान मला एकदाच सापडलं, एवढंच.

मग तिनं दोन गोष्टी विचारल्या. एकापाठोपाठ एक.

पहिली — “गेल्या साली शिवला का हो कावळा? मला यष्टी गाठायची हुती, थांबता आलं न्हाय.”

मी काय सांगायचं? मला उकिरडा दिसला. काठी दिसली. मी नजर दुसरीकडं वळवली. त्याच वेळी माझं लक्ष फाटकाकडं गेलं — तिथं एक माणूस मोबाईल उंच धरून उभा होता. आमचं चित्रण करतोय! मनात आलं, म्हणजे ही एकटी नाही, हिला पुढं केलंय. (तो औषधं विकणाऱ्या कंपनीचा माणूस होता, रेंज शोधत होता. नंतर माझ्याकडंच पाणी पिऊन गेला.) इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की त्या मोबाईलमुळं मी घाबरले. तसं नाही. तो मोबाईल मला सोयीचा पडला.

दुसरी गोष्ट तिनं विचारली, तेव्हा तिनं हात जोडले होते. “बाई, तुमी शिकलेल्या दिसता. माझ्या बाचं नाव कुठलं त्ये तेवढं दावा. येत्या साली नातीला आणीन, ती फोटू काढंल. घरात लावीन म्हंते.”

खालून तिसरं. बोट उचलायचं, एवढंच काम होतं. पण बोट उचललं असतं तर ती गणपत धोंडीबाची लेक ठरली असती, आणि मग गेल्या सालच्या पानाचं तिला सांगावं लागलं असतं. तिच्या बापाचं जेवण मी काठीनं ढकललं, हे तोंडानं म्हणावं लागलं असतं. मी ते म्हणू शकले नाही. मी चष्मा पुसला — हो, नाटक पूर्ण केलं — फरशीजवळ गेले, वरपासून खालपर्यंत बोट फिरवत सगळी नावं वाचल्यासारखं केलं आणि म्हणाले, “असं नाव इथं नाही.”

ती माझ्याशी भांडली असती तर? परत बघा म्हणाली असती तर? मी कदाचित — नाही. कदाचित म्हणायचा मला हक्क नाही. ती भांडलीच नाही. नवऱ्याशी पन्नास वर्षं या एका गोष्टीवरून भांडलेली बाई, माझ्यापुढं एका वाक्यात गप्प झाली. कारण मी शिकलेली.

“मंग आई खोटं बोलली व्हय?” एवढंच म्हणाली, तेही मला नाही. मग पानाकडं बघून म्हणाली, “ह्ये आता कुणाला घालू?”

मी म्हणाले, घेऊन जा. तिनं ते पान नीट दुमडलं, पिशवीत ठेवलं, कट्ट्यावर सांडलेली शितं पदरानं पुसली आणि गेली. पुन्हा आली नाही. मी पुढच्या सर्वपित्रीला त्याच खिडकीत बसले होते. कशासाठी? आली असती तर सांगणार होते, की आली नाही याची खात्री करायची होती? मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या नोव्हेंबरात मी गणपत धोंडीबाचं नाव वाचलं. आवाज हललासुद्धा नाही. शांतवनभाऊ नेहमीसारखे म्हणाले, याचं मागं कुणी उरलं नसावं. मी म्हणाले, नसावं.

बारामतीला जायचं तर वाटेत काटेवाडी लागते. मी वर्षातून आठ-दहा वेळा तरी त्या गावावरून जाते. कौसल्याबाईंचं घर कुठलं, एवढं विचारायला कितीसा वेळ लागतो? यांना बरं नव्हतं, मग हे गेले, मग माझे गुडघे धरले — प्रत्येक साली मला एक कारण मिळत गेलं. एसटी काटेवाडीला थांबली की मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून उसाकडं बघायचे.

मागच्या हिवाळ्यात मोतीबिंदू दाखवायला बारामतीला गेले होते. डोळ्यांत औषध घालून बाकावर बसवलं. शेजारी एक पन्नाशीतली बाई, तिच्याही डोळ्यांत औषध. दोघींना धड काही दिसत नव्हतं, म्हणून गप्पा. कुठल्या तुम्ही, विचारलं. मी गाव सांगितलं. ती म्हणाली, “आमच्या आत्याबाईंच्या बाचं गाव त्ये. सासू माझी. आमी काटेवाडीचं.”

मी तिथंच उठायला हवं होतं, किंवा तिथंच बोलायला हवं होतं. मी बसून ऐकलं. सासू तीन वर्षांमागं गेली. जन्मभर भांडायची, म्हणे, माझा बाप लढाईत मेला म्हणून. कुणी पळपुटा म्हटलं तर दोन-दोन दिवस जेवायची नाही. मग एकदा कुठंशी जाऊन आली आणि त्या दिवसापासून बापाचा शब्द काढला नाही. अखेरीला अंथरुणावर होती, तेव्हा नवऱ्याचा फोटो हातात मागून घेतला, डोक्याला लावला आणि म्हणाली, तुमी म्हणत हुता त्येच खरं हुतं, मी उगाच भांडले.

“तुमच्या गावच्या चर्चातल्या बाईंनी वाचून दावलं म्हनं, की बाचं नाव न्हाय,” सून म्हणाली. “भलं झालं त्या बाईंचं. मरायच्या आदी खरं काय ते तरी कळलं म्हातारीला.”

मी म्हणाले, व्हय.

तेवढ्यात आतून माझं नाव पुकारलं. मी भिंतीला धरून आत गेले, आणि बाहेर आले तेव्हा बाकावर दुसरी कुणी बसली होती. तेव्हापासून काटेवाडीवरून पाच वेळा गेले आहे. उतरले नाही.

गणपत धोंडीबा पळाला नव्हता. तो लढाईत मेला आणि त्याचं नाव आमच्या चर्चच्या फरशीवर आहे. त्याच्या लेकीनं ते मला हात जोडून विचारलं होतं, आणि मला ते पाठ होतं.