गच्चीवरचा राब

भगीरथ डोळखांबच्या वरच्या पाड्यातला. शहापुरात आयटीआयला एसीचं काम शिकला आणि मस्कतला गेला. तिथली पहिली तीन वर्षं त्याने नुसती ढकलली. आठ जणांची खोली, दर महिन्याला साहेबाकडे एकच बोलणं: आता घरी जातो. हाताला कसब होतं म्हणून साहेबाने त्याला फोरमन केलं आणि कुटुंबासाठी खोली मिळवून दिली.

बायको मीना आणि सहा वर्षांची लेक हर्षाली आल्या. भगीरथचं कामात लक्ष लागलं. जायची भाषा थांबली. संध्याकाळी दार कुणीतरी आतून उघडतं, एवढं त्याला पुरत होतं.

मीनाला मात्र काहीच पुरत नव्हतं. ती दिवसभर खिडकीच्या काचेला कपाळ टेकून उभी राहायची.

"काय बघतीस गो?"

"बघायला काय हाय हितं?"

"एसी हाय, टीव्ही हाय. पाड्यावरच्या बाया जळतात तुझ्यावर."

"मग त्यांना आणा."

वैशाखात तिने नाचणीच्या बियाण्याची पुरचुंडी बाहेर काढली. गच्चीवर पेरते म्हणाली. भगीरथने जुने पत्र्याचे ट्रे आणले, माती वाहिली. ती चार दिवस हसत होती.

"पेर की आता."

"राब भाजल्याबिगर? विसरलात का सगळं?"

पाड्यावर पेरणीआधी वाफ्यावर पाला, शेण पसरून माती भाजतात, तोच राब. हे गाव नव्हे, हे भगीरथला कळत होतं. पण तिचं हसू थांबेल म्हणून त्याने अडवलं नाही. खजुराच्या वाळल्या झावळ्या त्यानेच आणून दिल्या.

दुपारी तो कामावर असताना तिने राब पेटवला. धूर जिन्यात उतरला, सहा मजले रिकामे झाले, बंब आला. कुणाला इजा झाली नाही. बंबवाले पाणी मारत होते आणि मीना बादली घेऊन सांगत होती, "इझवणारच होते मी. जरा भाजू तर द्या."

घरमालकाने खोली खाली करायला लावली. कंपनीने कुटुंबाची परवानगी काढून घेतली.

"तुमी बी चला," विमानतळावर मीना म्हणाली.

"वर्षभरात पुन्हा परवानगी काढतो. मग या."

तिने बॅग उचलली. पोरीचा हात धरून चालू लागली तेव्हा काचेत तिचा चेहरा दिसला. तो चेहरा मोकळा झाला होता. भगीरथने तो पाहिला आणि तिथेच उभा राहिला.

वर्षभर त्याने साहेबाच्या मागे लागून परवानगी मिळवली. फोन केला.

"मी नाय येत," मीना म्हणाली. "तुमाला यायचं तर या."

"मी आल्यावर बरं वाटंल का तुला?"

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "हर्षालीला देते," आणि हर्षाली म्हणाली, "बाबा, मी खेळायला जाते."

दुसऱ्या दिवशी त्याने परवानगीचा कागद परत केला.

"घरी जातोस?" साहेबाने विचारलं.

"नाही. करार वाढवा."

"किती वर्षं?"

"जेवढी देता येतील तेवढी," भगीरथ म्हणाला, आणि सहीसाठी पेन मागितलं.