लेकीच्या जागेवरचा ठोकळा

कामावर तिला सगळे वजनबाई म्हणत. रॉकेट असतं एका मोठ्या उपग्रहासाठी. उरलेल्या जागेत लहान लहान उपग्रह बसवतात. गाड्याबरोबर नळ्याची यात्रा, दुसरं काय! एखादा लहानगा वेळेत तयार झाला नाही तर त्याच्यासाठी रॉकेट थांबत नाही. पण जागा रिकामी ठेवली की तोल जातो. म्हणून तिथे तेवढ्याच वजनाचा धातूचा ठोकळा घट्ट बसवायचा, हे वजनबाईचं काम. बाईंच्या ठोकळ्यांत कधी बिघाड होत नाही, असं साहेब थट्टेने म्हणायचे.

या खेपेला मागे राहिला तो तिच्या लेकीचा. कॉलेजातल्या मैत्रिणींबरोबर रक्त आटवून केलेला तिचा उपग्रह हादऱ्यांच्या चाचणीत आतून तुटला. दुरुस्तीला दोन आठवडे हवे होते. वजनबाईने साहेबांकडे शब्द टाकून पाहिला, पण मोठ्या उपग्रहाचे मालक एक दिवसही थांबायला तयार नव्हते. पुन्हा जागा मिळेपर्यंत मुलींची पांगापांग होणार, हे उघड होतं.

लेकीने एवढंच मागितलं, "आई, तो ठोकळा तू बसवू नकोस. दुसऱ्या कुणाला तरी सांग."

वजनबाई बरं म्हणाली. साहेबांनीही आपणहून सुट्टी देऊ केली होती. तरी सकाळी ती कामावर गेली. टोपी चढवली, हातमोजे घातले. लेकीचा मोडका उपग्रह काट्यावर ठेवून वजन टिपलं, तो खाली उतरवला, मग ठोकळा ठेवला. जास्तीचा भार कानशीने उतरवला, पुन्हा तोलला. आता रडू येईल म्हणून ती मध्ये जरा थांबलीही. काहीच आलं नाही. मग ठोकळा जागेवर नेऊन तिने एकेक स्क्रू आवळला.

रॉकेट सुखरूप गेलं त्या संध्याकाळी, जेवताना लेकीने विचारलं, "कुणी बसवला?"

"मी."

"का गं?"

आपल्या लेकीच्या जागेला परक्याचा हात लागू नये, असं काहीसं तिच्या मनात होतं. तोंडातून मात्र भलतंच निघालं. "दुसऱ्याने ढिला ठेवला असता."

लेक चिडलीसुद्धा नाही. "असू दे की ढिला," ती म्हणाली. "तो माझा थोडाच होता? माझा तू काट्यावरून खाली उतरवलास."

वजनबाईने मान हलवली आणि तिच्या ताटात भात वाढला.