खालच्या पायरीवरची पणती

माझी आई एका माणसाच्या दारात जाऊन त्याचं न विकायचं घर मागून आली, हे आज मी छाती फुगवून सांगते. त्या दिवशी मात्र धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं होतं. तेव्हा अक्कल माझ्याकडे कमी होती आणि डिग्र्या जास्त होत्या.

आईचं नाव मालनबाई. राजूरला गणपतीच्या टेकडीखाली आमची गल्ली आहे, तिथं वीस वर्षांपासून ती पापड-शेवयांचं काम चालवते. सुरुवात एका पोळपाटावर झाली. आता तिच्या हाताखाली बारा बायका आहेत. हात आणि तोंड दोन्ही एका वेगानं चालवणाऱ्या या बायका दुपारपर्यंत गावातली सगळी भांडणं निकालात काढतात आणि पापडही संपवतात. माझे वडील सर्जेराव शेती बघतात. पापडाबद्दल कुणी काही विचारलं तर ते "तिला इचारा" एवढंच म्हणतात, आणि त्यातच त्यांचं सुख आहे.

काम चालायचं ते तातेरावांच्या भाड्याच्या खोलीत आणि तिच्या मागच्या मोकळ्या जागेत. त्या वर्षी श्रावणात तातेराव येऊन ओट्यावर बसले, चहा प्यायले आणि कप खाली ठेवता ठेवता म्हणाले, "मालनबाई, पोराला दुकान टाकून द्यायलोय. गुढीपाडव्याला जागा खाली करा."

आई म्हणाली, "बराबर हाय. जागा तुमची हाय."

त्या रात्री मात्र ती ताट बाजूला सारून जागांचा हिशोब करत बसली. गावात खोल्या काही कमी नाहीत. पण पापडाला नुसती खोली चालत नाही. स्वच्छ फरशी लागते, दिवसभराचं ऊन लागतं आणि चारी बाजूंनी भिंत लागते, कारण राजूरच्या बकऱ्यांना पापडाची चव लागलेली आहे. अशी जागा मिळाली नाही तर पाडव्यानंतर बारा बायका पुन्हा दुसऱ्याच्या शेतात निंदायला जाणार, हे आईला दिसत होतं. त्यातल्या तिघींची घरं तर एकट्या पापडावर चालतात.

आणि अशी जागा गल्लीत एकच होती. चांदमल शेठचं घर.

शेठजींचं कुटुंब जैन, मूळ राजस्थानचं, पण चार पिढ्या राजुरात गेलेल्या. अकरा वर्षांपूर्वी मुलांच्या बियाण्यांच्या धंद्यासाठी ते जालन्याला गेले आणि घराला कुलूप लागलं. घर पडकंबिडकं नाही, चांगलं ठणठणीत. समोर दगडाच्या तीन पायऱ्या, आत चार खोल्या आणि मागे शहाबादी फरशीचं भलं मोठं अंगण. त्या घरावर अनेकांचा डोळा होता. चतुर्थीला येणाऱ्या भाविकांसाठी लॉज काढायचं म्हणून दलालांनी शेठजींचा उंबरा झिजवला होता. सगळ्यांना एकच उत्तर मिळालं, घर विकायचं नाही.

त्या घराशी आईचा संबंध फक्त एका पणतीपुरता. घर बंद झालं त्या वर्षी दिवाळीत सगळी गल्ली उजळलेली आणि मधोमध तेवढंच एक दार काळंमिट्ट. आईनं आमच्या ताटातली एक पणती उचलली आणि तिथं नेऊन ठेवली. पुढे दर दिवाळीला धनत्रयोदशीपासून भाऊबीजेपर्यंत ती ठेवत गेली. मला वाटायचं, आमच्याकडे तेल फार झालंय.

तर घर मागायचं ठरलं आणि मी शहाणपणा केला. मी भोकरदनला मुलांना संगणक शिकवते, त्यामुळे जगातलं कुठलंही काम छापील पत्रानं होतं अशी माझी समजूत होती. आईला न विचारता मी शेठजींना टाइप केलेलं पत्र धाडलं. ‘आपले राजूर येथील घर सध्या वापरात नसल्याने...’ अशी सुरुवात होती. मला ते वाक्य फार भारदस्त वाटलं होतं.

चौथ्या दिवशी शेठजींचा फोन आला. "वापरात न्हाई म्हंजे काय? मी मेलो का?" एवढंच बोलून त्यांनी फोन आपटला.

आईला कळलं तेव्हा तिनं मला मारलं नाही, एवढंच. "अक्षे, कुणाचं घर मागायचं तर आपण उठून त्यायच्या दारात जावं लागतं. कागद काय धाडते? आपण काय कोर्ट हाव?"

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघी जालन्याच्या बसमध्ये बसलो. वाटेत मी तिला पढवत होते, की आधी तब्येतीचं विचार, मग गावाकडचं सांग, मग हळूच घराचा विषय काढ. केदारखेड्याच्या एका ओळखीच्या बाईनं अशीच जागा मिळवली होती, तेही सांगितलं. आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "ताकाला जाऊन भांडं लपवायला मला जमत न्हाई."

मूग पापडाची पिशवी सोबत घ्यायची कल्पनाही माझीच. शेठाणी चंदनबाईंनी पिशवी प्रेमानं घेतली आणि म्हणाल्या, "चौमासा चालू हाय न, आता पापड चालत न्हाईत आमाला. पुनव झाली की खाऊ." कार्तिकी पौर्णिमेला अजून दोन महिने होते. पत्रानंतर ही माझी दुसरी हुशारी.

चहा आला. शेठजी समोर बसले. ऐंशीच्या घरातला माणूस, पांढरंशुभ्र धोतर, नजर धारदार. आईनं पदर सावरला आणि सरळ सांगितलं, "शेठजी, तुमचं घर आमाला पाहिजे. आमच्या बारा जणींच्या कामाला जागा न्हाई राह्यली. पोरीनं कागद धाडला ते चुकलं. मी सोता मागायला आले."

शेठजींनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "माझ्या दारात दिवा लावणारी मालनबाई तूच का?"

"हाव."

"मला समजलंय ते. एका दलालानं सांगितलं. दरसाल दिवा लावायचा, चार लोकायला दाखवायचं आन् मंग म्हणायचं, घर मीच सांभाळून राह्यले. असाच कब्जा होतो, बाई. मी दुनिया बघितली हाय."

 मी उठणार, तेवढ्यात आईनं माझा हात दाबला. तिनं आपला चहा शेवटच्या घोटापर्यंत संपवला. आमच्याकडे चहा अर्धा टाकून उठणं म्हणजे त्या घराचं तोंड पुन्हा बघायचं नाही असं सांगणं, आणि शेठाणीचा तिला अपमान करायचा नव्हता. रिकामा कप खाली ठेवून ती म्हणाली, "घर तुमचं. देऊ नका. न्हाई म्हणायचा तुमाला हक्क हाय. पर चोर म्हणायचा न्हाई."

 येताना बसमध्ये मी जालन्यापासून राजूरपर्यंत शेठजींच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

दिवाळी आली. पाडव्याला साडेचार महिने उरले होते आणि जागेचा पत्ता नव्हता. दोन बायकांनी शेतातल्या कामाची बोलणी सुरू केली होती. धनत्रयोदशीला आईनं ताटात पणत्या मांडल्या आणि नेहमीसारखी एक जास्तीची ठेवली. मी तिच्या आडवी गेले.

"माय, तिथं दिवा लावू नको. त्या म्हाताऱ्याच्या कानावर गेलं तर उरलीसुरली आशा पण जाईल."

"जाऊ दे."

"आपल्याला चोर म्हणला तो!"

"चोर म्हणला म्हणून दिवा बंद करू का? मंग तर खरंच चोर ठरले की मी." ती मला बाजूला सारून निघाली. "आन् दिवा त्याच्यासाठी कवा लावला? त्या अंधारातून आपल्या बायका-पोरी येतेत-जातेत."

घर जाईल तर जाऊ दे म्हणत ती पणती ठेवून आलीच. मी दारात उभी राहून बघत होते. मला राग आला होता, आणि त्या रागाच्या खाली आणखीही काही होतं. आज त्याला मी अभिमान म्हणते.

भाऊबीजेला सकाळी गल्लीत गाडी थांबली आणि शेठजी उतरले. मागून चंदनबाई. दलालानं पुन्हा कान भरले असणार, कारण शेठजी तणतणतच पायऱ्यांकडे गेले. आणि पहिल्याच पायरीपाशी थबकले.

आम्ही समोरच्या ओट्यावरून बघत होतो. सगळ्यात खालच्या पायरीच्या कोपऱ्यात आईची पणती होती. तिच्याखाली दगडावर भाकरीएवढा काळा, तेलकट डाग होता, अकरा दिवाळ्यांचं तेल मुरून झालेला. शेठजींनी वाकून त्यावर बोट फिरवलं. मग वर बघितलं. दुसऱ्या पायरीवर लिंबाचा पाला कुजलेला, धुळीचा थर, पाखरांची घाण. तिसरीवर तसंच. वर दाराला त्यांनीच लावलेलं कुलूप, आणि जाताना त्याला बांधलेला लाल धागा विटून पांढरा पडलेला, पण जागच्या जागी. अकरा वर्षांत त्या दोन पायऱ्यांवर कुणी पाऊल ठेवलेलं नव्हतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

"मालनबाई," त्यांनी हाक मारली. आई पुढे गेली. "दिवा उंबऱ्यावर ठेवतेत. तू हितं खाली का ठेवला?"

"उंबरा तुमचा हाय, शेठजी," आई म्हणाली. "ही खालची पायरी रस्त्यावर येती. म्हणून हितं ठेवला."

 चंदनबाई मारवाडीत त्यांना हळूच काहीतरी बोलल्या. मग ते म्हणाले, "कब्जा करणारा माणूस अकरा साल खालच्या पायरीवर थांबत न्हाई. चुकलं माझं." ऐंशी वर्षांच्या माणसानं भर गल्लीत, सगळ्यांसमोर हे म्हटलं. त्यांचंही मला कौतुक वाटतं.

आई गोंधळून म्हणाली, "जाऊ द्या, शेठजी. चहा टाकते."

"चहा नंतर. आधी माग."

"काय मागू?"

"त्या दिवशी मागितलं ते. परत एकदा माग. त्या दिवशी मी ऐकलंच न्हाई."

आईनं पदर सावरला. जालन्याला होता तोच चेहरा, तोच आवाज, आणि शब्दही तेच. "शेठजी, तुमचं घर आमाला पाहिजे."

"घे," शेठजी म्हणाले.

पुढचं सगळं व्यवहारानं झालं. फुकट काही मिळालं नाही आणि आईनं घेतलंही नसतं. कार्तिकी पौर्णिमेनंतर आम्ही इसाराची रक्कम द्यायला जालन्याला गेलो, तेव्हा चंदनबाईंनी तेच मूग पापड भाजून समोर ठेवले. बाकी रकमेसाठी आईनं बँकेचं कर्ज काढलं आणि पाडव्याच्या आठ दिवस आधी भोकरदनला खरेदीखत झालं. आईनं सही केली, अंगठा नाही. दारावरची शेठजींच्या वडिलांच्या नावाची पाटी तिनं काढली नाही. "चतुर्थीला दर्शनाला येतेत ते," ती म्हणाली, "गावात आपलं दार दिसलं पाहिजे माणसाला." पाडव्याला बाराच्या बारा बायका त्या शहाबादी फरशीवर बसल्या. आता सोळा आहेत.

या दिवाळीला आईनं पहिल्यांदा तिथं उंबऱ्यावर पणत्या लावल्या, दोन्ही बाजूंना दोन. मला वाटलं, झालं. पण ताटात एक उरली होती. ती घेऊन ती गल्लीतून निघाली, तेव्हा मला कळलं ती कुठे चालली आहे. तातेरावांच्या पोराचं दुकान सहा महिन्यांतच बसलं, पोरगा पुण्याला गेला आणि ज्या खोलीतून आम्हाला काढलं तिला आता कुलूप आहे.

"माय, तिथंसुद्धा?" मी ओरडले.

तिनं मागं वळून बघितलं नाही. त्या काळ्या दारासमोर ती वाकली, हाताचा आडोसा करून वात लावली आणि पणती ठेवली. वर चढली नाही. खालच्या पायरीवर ठेवली.