शाळेच्या पायरीवरचा नारळ

सातवीचा निकाल लागला त्या दिवशी बाबा मेंढरं चुलत्याच्या हवाली करून हातात नारळ घेऊन शाळेत आले. आमच्याकडं काम तडीला गेलं की नारळ फोडतात. पुढच्या वर्गासाठी हिंगोलीला जावं लागे आणि एकट्या पोरीला एसटीनं धाडायला ते तयार नव्हते. म्हणजे उद्यापासून मी मेंढरांमागं. त्या मेंढरांचा मला आजही राग येतो.

बाबांनी पायरीवर नारळ फोडला आणि मोठ्या बाईंना हात जोडले. "लई उपकार झाले. पोरीची शाळा झाली, आता नेतो."

"काहून?" बाई म्हणाल्या. "यंदापासून आठवी इथंच भरणार हाय. पुढं दहावीपर्यंत वर्ग येतील. सरकारी शाळा हाय, फी न्हाई."

बाबा फुटलेल्या नारळाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "मंग हा आठवीचा समजा."

सकाळपासून माझ्या घशाखाली घास उतरला नव्हता. त्या नारळाची अर्धी वाटी मी एकटीनंच खाल्ली.

दहावी पास झाले तेव्हा बाबांनी नारळ आणलाच नाही. विचारलं तर म्हणाले, "पुढं अजून किती हाय, ते आधी बाईला विचारून ये."