‘लाव’ कुणी म्हणायचं

प्यो गिल-सांग न्हावी होता आणि त्याच्या स्वतःच्या डोक्यावर एकही केस नव्हता. गावानं यावर हसायचं तेवढं हसून घेतलं होतं. आता कुणी त्याबद्दल बोलत नसे, फक्त परगावचं गिऱ्हाईक खुर्चीत बसताना क्षणभर थबकायचं.

गाव कोरियातल्या जोल्ला प्रांताच्या दक्षिण किनाऱ्यावरचं. खाली बंदर, वर टेकडीच्या कडेला धनुर्धाऱ्यांचा लाकडी मंडप. दुकान उघडण्याआधी गिल-सांग रोज तिथं जाई, दरीपलीकडच्या निशाणाच्या फळीवर पाच-पाच बाण सोडी, त्यातले दोनेक लागले की खाली येऊन निवांतपणे हजामती करी. पाचच्या पाच लागण्याचा प्रकार आयुष्यात एकदाच घडला होता. त्या दिवशी धुकं होतं, त्यामुळे ते त्याच्याशिवाय कुणीच पाहिलं नाही.

धनुष्य जुन्या पद्धतीचं होतं. आत बांबू, एका अंगाला म्हशीचं शिंग, दुसऱ्या अंगाला बैलाच्या स्नायूंचे चिवट तंतू, सगळं माशाच्या सरसानं जोडलेलं. दोरी काढून ठेवली की ते उलट्या बाजूला वळून झोपलेल्या कुत्र्यासारखं गोल व्हायचं. त्याला पुन्हा सरळ बाजूला वाकवून दोरी चढवणं म्हणजे दोन माणसांचं काम. एकानं बसून धनुष्य गुडघ्यांवर दाबायचं आणि दोन्ही टोकं वर ओढायची. दुसऱ्यानं दोरीचे फासे टोकांच्या खाचांत बसवायचे. वाकवणाऱ्यानं ‘लाव’ म्हणायचं, लावणाऱ्यानं ‘लागलं’ म्हणायचं, मग सोडायचं. पट्ट्याच्या मदतीनं एकटेही चढवतात काहीजण. गिल-सांगला ती कसरत कधी जमली नाही.

त्याला गरजही नव्हती, कारण मोक जोंग-मान होता. शाळेपासूनचा सोबती, समुद्रशेवाळ वाळवायची शेड चालवायचा. वर्षानुवर्षं दोघं एकमेकांचं धनुष्य चढवत. मग एका सकाळी जोंग-माननं गिल-सांगचं धनुष्य वाकवलं, गिल-सांग दुसरा फासा बसवत होता, आणि ते सटकन उलटं फिरून मधोमध तडकलं.

“तू सोडलंस!” गिल-सांग ओरडला.

“तू ‘लागलं’ म्हणालास!”

“मी शिंकलो!”

मंडपातल्या कुणालाही शिंक आणि ‘लागलं’ यातला फरक छातीठोकपणे सांगता आला नाही. तेव्हापासून दोघं बोलेनासे झाले. रोज सकाळी एकाच रांगेत उभे राहत, एकाच किटलीतला सातूचा चहा पीत, आणि एकमेकांकडे दोन खांबांनी बघावं तसं बघत. जोंग-मान केस कापायला बसनं तालुक्याला जाऊ लागला. तिथला न्हावी घाईतला असावा. गिल-सांगला ते डोकं मागून बघवत नसे, पण बोलायचं नाही म्हटल्यावर बोलायचं नाही.

नवं धनुष्य आलं तेव्हा त्यानं बायकोला बोलावलं. ओक-बुन भांडी घासत होती.

“अगं, जरा ही दोरी धर.”

“कशाला?”

“मी वाकवतो, तू खाचेत बसव.”

“आणि उलटं फिरलं तर?”

“डोकं मागे ठेव.”

“तुमच्या संसारात तेवढंच राहिलं होतं,” असं म्हणून तिनं हात पुसले.

पहिल्या दिवशी तिचं बोट अडकलं. पुढे पुढे मात्र तिचा हात असा बसला की गिल-सांगनं ‘लाव’ म्हणायच्या आत फासा खाचेत. नंतरचं काम त्याहून नाजूक. धनुष्य शेगडीवर शेकायचं, जमिनीवर ठेवायचं, आणि एक डोळा मिटून दोरीच्या रेषेवरून बघायचं. दोन्ही टोकांजवळ चामड्याची गोल गादी असते; दोरी बरोबर तिच्या मध्यावर टेकायला हवी. जी बाजू ताठ असेल ती आणखी शेकायची आणि टाचेनं हळूच दाबायची. दोरी सैल वाटली तर फासा सोडून एक पीळ जास्त द्यायचा.

“खालची बाजू रुसलीय,” ओक-बुन म्हणायची.

“धनुष्य रुसत नसतं.”

“मग डावीकडे तोंड करून का बसलंय?”

तो दाबायचा. दोरी मध्यावर यायची. एरवी त्या घरात ‘जेवण झालं’ आणि ‘दार लाव’ एवढंच बोलणं होई. आता रोज सकाळी धनुष्याची तब्येत हा एक विषय मिळाला. गिल-सांगला हे आवडत होतं. त्यानं तसं कधी तिला सांगितलं नाही.

एका हिवाळ्यात त्याच्या लक्षात आलं, जोंग-मानचं धनुष्य फार सुरेख बसलेलं असतं. दोन्ही बाजू आरशातल्यासारख्या सारख्या, दोरी मध्यावर, आवाज कोरडा आणि नीट. विधुर माणूस, घरात दुसरं कुणी नाही. एवढं सुंदर एकट्यानं चढवतो कसा? गिल-सांगची झोप उडाली नाही, पण जेवण कमी झालं.

शेवटी न राहवून तो एका पहाटे शेडकडे गेला. शेवाळाच्या चटयांमागून आवाज आला.

“वहिनी, वरची बाजू?”

“वरची ठीक आहे हो. खालची थोडी शेका.”

गिल-सांग आल्या पावली परतला. मग घरी येऊन त्यानं स्वतःच भात वाढून घेतला, किमचीच्या लोणच्याचं भांडं समोर ओढलं आणि वाट बघत बसला. ओक-बुन आली. हातात शेवाळाचा गठ्ठा होता.

“कधीपासून?” त्यानं विचारलं.

“पहिल्या थंडीपासून. दाराच्या कडीला अडकवून चढवत होता बिचारा. मरेल एखाद्या दिवशी.”

“माझ्या शत्रूचं धनुष्य!”

“त्याचं सरळ आहे म्हणून दुखतंय तुम्हाला. तुम्ही शेकताना घाई करता, तो करत नाही.”

हे खरं होतं, म्हणून गिल-सांग आणखी चिडला. ओक-बुननं शांतपणे गठ्ठा फडताळात ठेवला.

“आणि ऐका. माझे गुडघे बोलायला लागलेत. उद्यापासून तुमचंही नाही, त्याचंही नाही. तुमचं तुम्ही बघा.”

दुसऱ्या दिवशी दोघं म्हातारे मंडपात आले ते गोल वळलेली धनुष्यं फडक्यात गुंडाळून. बाकीच्यांनी बाण सोडले. हे दोघं चहा प्याले. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, “मंडपात बसायलाच यायचं असेल तर झाडू कोपऱ्यात आहे.”

गिल-सांगनं झाडू उचलला नाही. त्यानं आपलं धनुष्य शेगडीवर शेकलं, जमिनीवर बसला, गुडघ्यांवर दाबून दोन्ही टोकं ओढून धरली आणि समोर बघत राहिला. जोंग-मान उठला. दोरी घेऊन समोर येऊन बसला. आता गिल-सांगनं ‘लाव’ म्हणायचं होतं. तो म्हणेना. जोंग-मानही न सांगता लावेना. गिल-सांगचे दंड थरथरू लागले, टकलावर घाम आला, मानेची शीर फुगली. अध्यक्षांनी किटली सुरक्षित जागी हलवली.

“लाव म्हण की, गाढवा!” जोंग-मान किंचाळला. “पुन्हा मोडायचंय का?”

“लाव!”

“लागलं!”

“शिंकला नाहीस ना?”

“नाही रे!”

गिल-सांगनं सोडलं. दोरी मध्यावर नव्हती, पण धनुष्य शाबूत होतं. दोघांनी मिळून खालची बाजू शेकली. या वेळी गिल-सांगनं घाई केली नाही; केली असती तर जोंग-माननं करू दिली नसती. त्या सकाळी त्याचा एक बाण लागला, जोंग-मानचे तीन. आधीचं धनुष्य कुणामुळे मोडलं यावर दोघांची दुपारपर्यंत बाचाबाची झाली, आणि ती पुढेही अधूनमधून होत राहिली.

ओक-बुनला वाटलं होतं, सकाळच्या कटकटीतून सुटले. आठवडाभर ती उशिरा उठली. मग एके दिवशी गिल-सांग मंडपात पोचला तर ती अध्यक्षांशी बोलत उभी होती, कमरेला बाणांचा पट्टा, हातात कारखान्यात बनलेलं नवं धनुष्य. ते ना शेकावं लागतं, ना दुसऱ्या माणसाची गरज. पायात अडकवून तिनं एका दमात दोरी चढवली आणि एक डोळा मिटून रेषेवरून पाहिलं.

“कुणाला विचारून?” गिल-सांग म्हणाला.

“सरका तिकडं,” ओक-बुन म्हणाली, “रांगेत माझी जागा आहे.”