काकू, कुंकू इथे

मंदार माझ्या आईवर ओरडला, तेव्हा तिच्या हातात नारळ होता.

"काकू, रुका! झाकण उघडं आहे!"

उशीर झाला होता. नारळ टेबलाच्या कडेवर फुटलासुद्धा.

मंदार आमच्या कॉलेज टीमचा इलेक्ट्रॉनिक्सवाला. त्याने सरळ रोबोटवर अंग टाकलं. पाणी त्याच्या पाठीवर सांडलं, पण थोडं आत गेलंच.

आमची पहिलीच रोबो-फाइट. रोबोटचं नाव भैरव. आई माधव नगरहून खास पूजेचं ताट घेऊन आलेली. नवी स्कूटर असो की रोबोट, ती नारळ फोडल्याशिवाय हलू देत नाही.

तिकडे माइकवर आमचं नाव पुकारलं.

मी रिमोट घेऊन उभी. "मंदार, ऑन कर ना!"

"नाही."

"अरे यार, बाद करतील आपल्याला!"

"करू देत. ओल्या बोर्डाला करंट दिला तर सगळंच खतम. दुसरा बोर्ड आहे तुझ्याकडे?"

नव्हता.

त्याने बॅटरी काढली. टॉर्च तोंडात धरून कापसाने एकेक थेंब टिपत बसला.

मला त्याचा भयंकर राग आला होता. आई नारळाची भकलं धरून कोपऱ्यात उभी, अगदी रडायच्या बेतात.

लास्ट कॉल.

मंदारने बोर्ड डोळ्यांजवळ नेला. पुन्हा पुसला. मग बॅटरी जोडली.

हिरवा दिवा लागला.

मॅच आम्ही हरलो, ते सोडा. भैरव स्वतःच्या चाकांवर बाहेर आला.

दुसऱ्या दिवशी मंदार घरी हजर. हातात जाड पारदर्शक प्लास्टिकचं नवं झाकण, कडेने रबर, आणि मधोमध मार्करने काढलेला एक गोल.

"काकू, कुंकू इथे. नारळ बाहेर."

आईने त्याला बसवून घेतलं आणि दोन प्लेट पोहे खायला लावले, वर भरपूर शेव.

गेल्या वर्षी आजच्याच दिवशी डेंग्यूने मंदार गेला. काही कळायच्या आत गेला.

आज पुन्हा मॅच होती. आई ताट घेऊन आली. आम्ही सगळे घाईत. तिने नारळ उचलला आणि तशीच थांबली.

"झाकण लावलं का रे, मंदार?"

सवयीने निघून गेलं तिच्या तोंडून.



मग मीच झाकण बसवलं. सगळे स्क्रू कसले. आईने त्या गोलात कुंकू लावलं आणि नारळ फोडायला बाहेर गेली. बराच वेळ आत आली नाही.

फार आठवण येते रे तुझी.

झाकण लावलंय, मंदार. आता निवांत राहा.