चाळीस दिवसांची साक्ष

चेन्नईत आल्यावर पहिल्याच रविवारी चर्चच्या दारात एका म्हाताऱ्या गृहस्थांनी हात जोडले आणि मला म्हणाले, "स्तोत्रम." मी नगरकडचा मराठी ख्रिस्ती. आमच्याकडे दारात "सलाम" म्हणतात. स्तोत्र म्हणजे शास्त्रातलं, बायबलातलं, लहानपणी पाठ केलेलं, मोठ्यांनी विचारलं की म्हणून दाखवायचं. मला वाटलं, नवीन माणसाची परीक्षा घेताहेत. मी ताठ उभा राहिलो आणि पहिलं स्तोत्र मराठीतून धडाधड म्हणायला लागलो. ते गृहस्थ बिचारे हात जोडूनच ऐकत राहिले. मागे रांग खोळंबली. शेवटी एका बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की इथे स्तोत्रम म्हणजे नमस्कार.

हे आईला फोनवर सांगितलं तर हसता हसता तिला ठसका लागला. वडील गेल्यापासून ती गावी एकटीच राहायची. शाळेत मास्तरीण होती, निवृत्त झाली होती. त्या दिवसापासून फोन उचलला की "स्तोत्रम, साहेब" म्हणायची. रोज संध्याकाळी आमची दोघांची उपासना फोनवर व्हायची. ती तिकडे वाचायची, मी श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यातून पूनमल्लीला घरी परतताना कंपनीच्या बसमध्ये इअरफोन लावून ऐकायचो. वाचून झालं की विचारायची, "ऐकतोस ना?" कारण पूनमल्ली येईपर्यंत मला हमखास डुलकी लागायची आणि तिला ते पक्कं ठाऊक होतं.

खरं सांगायचं तर डुलकी लागायची नाही तेव्हाही मी ऐकत नसे. तिचा आवाज कानात चालू आणि अंगठा पडद्यावर चालू. कुणाचं लग्न, कुणाची गाडी, कुणाचं भांडण. प्रार्थनेला डोळे मिटले तरी अंगठा हलायचा. माझी मला किळस यायला लागली होती. कारखान्याच्या गेटवर फोनच्या कॅमेऱ्यावर रोज स्टिकर लावतात, तसं कुणीतरी डोक्यावर लावावं असं वाटायचं.

म्हणून लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासकाळाच्या, आधीच्या रविवारी पाळकांनी 'फोन उपवासम'ची कल्पना मांडली तेव्हा सगळ्यात आधी माझा हात वर. इतर लोक संध्याकाळी दोन तास, रविवारी पूर्ण दिवस, असं काहीबाही कबूल करत होते. मला अर्धंमुर्धं काही जमत नाही. चाळीस दिवस फोन बंद, कपाटात, कुलपात. घरच्यांचं काय, असं पाळकांनी विचारलंसुद्धा. मी म्हटलं, ऑफिसात लँडलाइन आहे.

आईला सांगितलं तेव्हा तिचा पहिला प्रश्न हाच होता.

"मग आपली उपासना रे?"

"चाळीस दिवसांचा तर प्रश्न आहे, आई. देवासाठीच करतोय ना."

"देवासाठी म्हणतोस तर मी कोण अडवणार," ती म्हणाली. "मी आपली रोज एक स्तोत्र वाचून पाठवत जाईन. पहिल्या दिवशी पहिलं, चाळिसाव्या दिवशी चाळिसावं. रविवार सोडून. ईस्टरला सगळी एकदम ऐक."

ऑफिसचा नंबर तिला कागदावर लिहून घ्यायला लावला. तिच्या आवाजातला रुसवा मला कळला होता. पण त्या वेळी मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं, आणि रोजच्या त्या अर्ध्या तासातून सुटका होणार म्हणून बरंही वाटत होतं. हे मी कुठल्याही पाळकाला सांगितलेलं नाही, इथे पहिल्यांदा लिहितो आहे.

दिवस चांगले गेले, खोटं कशाला सांगू? पहिला आठवडा हात शिवशिवत होते. मग उतार पडला. बसच्या खिडकीतून तळी दिसायला लागली, वीस वर्षांत झाली नव्हती अशी प्रार्थना व्हायला लागली. गुड फ्रायडेच्या तीन तासांच्या उपासनेत, तमिळ अर्धीच कळत असून, मी हमसून हमसून रडलो. ऑफिसची लँडलाइन एकदाही माझ्यासाठी वाजली नाही. मी ते शुभ लक्षण मानलं.

ईस्टरच्या सकाळी पाळक म्हणाले, "साट्ची सोल्लुंगा, तंबी." आमची साक्ष, म्हणजे देवाचा अनुभव सगळ्यांपुढे सांगणं, तीच त्यांची साट्ची. मी पुढे गेलो, माइक धरला आणि मोडक्यातोडक्या तमिळमध्ये सांगितलं की चाळीस दिवस मी सगळे आवाज बंद केले तेव्हा मला देवाचा आवाज ऐकू आला. लोक "आमेन" म्हणाले. त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी दोन्ही हात वर करून देवाला "स्तोत्रम" म्हटलं. फोन खिशातच होता, अजून बंद. साक्ष झाल्यावरच सुरू करायचा असं मी ठरवलं होतं, म्हणजे शेवट झोकात होईल.

बाहेर चिंचेच्या झाडाखाली बसून सुरू केला. आईचे मेसेज ओळीने आले. मी पहिल्यापासून ऐकायला लागलो. आवाज खणखणीत, वर्गात वाचावं तसा. तेराव्या स्तोत्राच्या शेवटी म्हणाली, "आज न्हाणीत पाय घसरला बाबा. डोक्याला टेंगूळ आलंय. काळजी करू नको. ऐकतोस ना?" अठरावं फार लांब, मध्ये थांबून पाणी प्यायली. विसाव्यापासून शब्द अडखळायला लागले. बाविसावं तिने शनिवारी वाचलं. मग सोमवारी, तेविसाव्या दिवशी, म्हणाली, "आज बाविसावं." मंगळवारी पुन्हा बाविसावं. बुधवारीही. बाविसावं म्हणजे देवाने टाकून दिलेल्या माणसाचं स्तोत्र, आम्ही ते गुड फ्रायडेला वाचतो. दोन आठवडे रोज तेच, रोज थोडं कमी, रोज जीभ जड. शेवटचा मेसेज पवित्र सप्ताहातल्या, म्हणजे ईस्टरआधीच्या सोमवारचा. त्यात स्तोत्र नव्हतंच. नुसता श्वास, आणि "ऐकतोस ना?" त्यापुढे काही नाही.

मी फोन लावला. शेजारच्या मावशींनी उचलला.

"आरं, कुठं व्हता तू? किती फोन केले, बंदच. काल दुपारी मिशनच्या दवाखान्यात आणलंय तिला. उठवून उठंना."

"आधी का नाही नेलं, मावशी?"

"मला वाटलं उपासानं गळाठलीय. तू उपास धरलाय म्हणून तीबी एक टाइम खायची. म्हटलं, पोराला कळवू का, तर म्हणायची, नगं, तो प्रार्थनेत हाय."

ऑफिसच्या नंबराचा कागद नंतर मला तिच्या शास्त्रात सापडला. तिने तो खुणेला ठेवला होता, बाविसाव्या स्तोत्रावर.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पोचलो. कवटीच्या आत हळूहळू रक्त साचत गेलंय, असं डॉक्टर म्हणाले. ते माझ्यापेक्षा लहानच असतील. पडल्या कधी, त्यांनी विचारलं. मी दिवस सांगितला. गोंधळायला कधीपासून लागल्या? तोही दिवस सांगितला. त्यांनी पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं.

"इतकं नेमकं ठाऊक आहे तुम्हाला. मग इतके दिवस काय करत होता?"

"उपास," मी म्हटलं.

वेळेवर आणलं असतं तर बहुतेक माणसं चालत घरी जातात, एवढंच ते म्हणाले. ऑपरेशन झालं. आई वाचली. उजवा हात गेला, वाचणं गेलं, बोलणं गेलं. चाळीस वर्षं मुलांना वाचायला शिकवलेल्या बाईकडे एकच वाक्य उरलं. पाणी हवं असलं, पंखा लावायचा असला, दुखत असलं, तरी ती तेवढंच म्हणते: "ऐकतोस ना?" प्रत्येक वेळी सूर वेगळा असतो आणि सुरावरून मला ओळखावं लागतं. बऱ्याचदा चुकतो. मग ती डाव्या हाताने खाटेवर थापटत राहते आणि मला तिथून पळून जावंसं वाटतं.

तिला मी पूनमल्लीला आणलं. पहिल्या रविवारी व्हीलचेअरवरून चर्चला नेलं. देवावर मी रागावलो होतो आणि आहे, पण तिला उपासना चुकवायला लावण्याचा अधिकार मला उरला नव्हता. दारात तेच म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी वाकून, हात जोडून म्हटलं, "स्तोत्रम, अम्मा." आईने त्यांच्याकडे पाहिलं आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "ऐकतोस ना?"

त्यांना मराठी येत नाही. त्यांना वाटलं, आमच्याकडे नमस्काराला असंच म्हणतात. त्यांचा चेहरा उजळला, आणि त्यांनी पुन्हा हात जोडून जमेल तसं म्हटलं, "ऐकतोस ना." पुढच्या रविवारी त्यांच्या बायकोने म्हटलं, मग पाळकांनी. आता लेंट पुन्हा आलं आहे. दर रविवारी मी आईची खुर्ची ढकलत दारात पोचतो आणि पायरीवरची माणसं एकेक करून हात जोडतात, हसतात, आणि तिच्यासारखंच मलाही म्हणतात, "ऐकतोस ना." मी अजून कोणालाही त्याचा अर्थ सांगितलेला नाही.